कारण : सुकती

मी घाटावरची. समुद्र पाहिला तो बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर.
जैतापूरच्या खाडीकाठी जांभ्याच्या दोन खोल्या,
चार इयत्ता, एकोणीस पोरं, एक फळा,
आणि एक फॉर्म. अपंगत्वाचे प्रकार एकवीस,
एकवीस मोदकांसारखे ओळीनं मांडलेले.
लागू असेल तिथे खूण करा.

उमेर सोलकर पलीकडच्या वाडीतला.
पाय त्याचं ऐकत नाहीत, मान कधीकधी ऐकते.
बाप तर चालवतो, पोराला खांद्यावरून आणतो,
खाडीत पाणी असेल तोवर.
पाणी उतरलं की मांडीभर चिखल,
त्यात मुलासकट माणूस रुततो.
"बाय, उद्या सुकती हाय साडेधाला."
सुकती. मला वाटलं, कसला तरी आजार.

आता भरतीचं कोष्टक फळ्याशेजारी चिकटवलंय.
भरतीला गणित, सुकतीला चित्रकला.
हजेरीत त्याच्या नावापुढे लिहिते,
गैरहजर. कारण : सुकती.

रॅम्प झाला. रॅम्पचा फोटोही झाला.
चाकाची खुर्ची आली जिल्ह्याहून, मोठ्या माणसाच्या मापाची.
पोषण आहाराचं तांदळाचं पोतं तीत अगदी बरोबर बसतं.

विघ्नेशला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं,
तरी पहिला महिनाभर मी नुसती मोठ्यानं बोलत राहिले.
तो माझ्या आठ्या वाचायचा
आणि बाक मागे सरकवायचा.
घंटा गौतमी देते. चौथीत आहे, अक्षरं अजून पहिलीची,
पण वेळ चुकत नाही, घड्याळ न बघता.
विघ्नेश तेव्हा खांबाला तळवा लावून उभा असतो.

वेदिकासाठी ब्रेलची पाटी मागवली
त्याला दोन पावसाळे झाले.
मग अंड्यांच्या ट्रेचे सहा खळगे कापून घेतले,
आणि मांडवकरांच्या बागेतल्या मूठभर काजूबिया.
रात्री सड्यावर रेंज शोधत मी शिकायचं,
सकाळी तिला शिकवायचं, एक दिवस पुढे राहून.
आ म्हणजे तीन बिया.
ई म्हणजे त्यातलीच एक कमी.
"म्हणजे बाई, आ मधली एक उचलली की ई?"
हो.
तिची आई रत्नागिरीत कोळंबी सोलते,
महिन्यातून एका रविवारी येते.
वेदिकानं बी उचलली. ठेवली. उचलली.
आ. ई. आ. ई.
शाळा सुटली तरी ट्रे सोडेना.
संध्याकाळी मोजल्या तर एक बी कमी.
मी विचारलं नाही.

परवा केंद्रप्रमुख आले. हजेरीवर बोट ठेवलं.
"सुकती? हे काय कारण झालं, मॅडम?
आजार लिहा, लग्नकार्य लिहा, लावणी लिहा."
तेही घाटावरचेच.
मी काही बोलले नाही, त्यांना खिडकीशी नेलं.

खाडीचं पोट उघडं पडलेलं, मधे पाण्याची बारीक रेघ.
पलीकडच्या धक्क्यावर बाप, त्याच्या मांडीवर उमेर,
तोंड शाळेकडे.
अलीकडे, बांधावर चढून विघ्नेश.
दोन्ही हात हवेत, बोटं भराभर,
मधेच पोटावर गोल, मधेच कपाळाला हात.
उमेर एका हातानं उत्तर देतो,
त्याचा हात वाटेत भरकटतो, वळसा घेऊन पोचतो.
विघ्नेश थांबतो तोवर. मान हलवतो.
पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

"काय चाललंय?"
"सकाळचा धडा, बहुतेक."
"तुम्ही शिकवलंत हे?"
"नाही, साहेब. कपाळाला हात म्हणजे मी,
एवढंच मला कळलंय आत्तापर्यंत."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं.
चहावर साय धरली.
शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.
निघताना चपला घालत विचारलं,
"भरती कितीला?"

मी कोष्टकाकडे वळायच्या आत
दारातून गौतमी म्हणाली,
"शाळा सुटताना."